गाडीचा कौल

“...मग तिन्हींतली कोणती घेऊ, ते आता देवालाच विचारा. माझी मती चालेनाशी झाली आहे.”

देवळाच्या पायरीवर बसून तातोबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

घाटाच्या पायथ्याशी, भर रानात, रवळनाथाचं हे लहानसं देऊळ. तातोबा इथे कधी येऊन राहिले, हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही. अडल्यानडल्या माणसासाठी ते देवाला कौल लावतात. देवाच्या ओल्या पाषाणावर दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही.

रत्नाकर केणी पुण्याहून आले होते. जन्म कोकणातला, पण सगळी उमर कारखान्यात अधिकारी म्हणून गेली. देवधर्माला त्यांनी कधी भीक घातली नव्हती. तो माणूस आज अनवाणी उभा होता, आणि विचारत काय होता, तर एसयूव्ही कोणती घेऊ!

“गाडी कित्याक व्हयी?” तातोबांनी विचारलं.

“कॅम्पिंगला जायचंय. मागे ट्रेलर जोडायचा आहे. तो तयार आहे, दारात उभा आहे. दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी... माझ्या आताच्या गाडीने तो जागचा हलत नाही.”

मग केणी सुरू झाले, आणि केणी सुरू झाले की थांबवायची सोय नाही. पहिली गाडी डिझेलची, ओढायला रेड्यासारखी, पण वळणावर अंग टाकते. दुसरीत सामानाला ऐसपैस जागा, पण ट्रेलरचं वजन तिला जेमतेम झेपतं. तिसरी चारही चाकांनी जोर लावते, चिखलातून सहज निघते, पण मिळायला उशीर. टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, मागचा हुक, सगळं तोंडपाठ. शोरूममधली पोरं त्यांना लांबून बघूनच पाणी प्यायला जात असतील.

तातोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“घाट चढता?”

“तिन्ही चढतात. ट्रेलर भरलेला असला तरी.”

“आणि उतरता कशी?”

उतारावर ट्रेलर मागून रेटायला लागला की ब्रेक धरतात का, हा खरं तर पहिला प्रश्न. शिकाऊ ड्रायव्हरलाही तो सुचला असता.

“ते... बघायचं राहिलं.”

“ऱ्हवला?”

“राहिलं.”

तातोबांनी सुपारी तोंडात टाकली.

“बिछाने दोन म्हणालंस. दुसरो कोणाचो?”

“कुमुदचा. माझ्या बायकोचा.” केणींचा आवाज खाली आला. “ट्रेलर तिनेच हौसेने बनवून घेतला. मी रिटायर झालो की निघायचं, घाटावरच्या तळ्यापाशी पहिला मुक्काम, असं तिने ठरवून टाकलं होतं. मीच नोकरी वाढवून घेतली. म्हटलं, कारखान्याचं माझ्यावाचून अडतं...”

“मगे ती येतली?”

“दिवाळीत गेली.”

...

केणींना खूप काही बोलायचं होतं. घर खायला उठतं, कपाट उघडवत नाही, सकाळी चहाला दोन कप काढले जातात. यातलं एक अक्षर त्यांनी आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं. आताही काढलं नाही.

तातोबा उठले. “तीन गाडयेंचो झगडो देवाक कळाचो नाय. तो होय-नाय इतकाच बोलता. आदी गाऱ्हाणा घालतंय. तुका म्हाईत असा मा?”

केणींना माहीत होतं. एकाने देवाला हाक घालायची आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणी गावच्या देवळात त्यांनी घसा सुकेपर्यंत म्हटलं होतं. ते हात जोडून उभे राहिले.

“बा देवा रवळनाथा, ह्या लेकरान नवी गाडी घेवचा मनात आणल्यान असा...”

“होय म्हाराजा.”

“ती तेका बरी लाभांदे...”

“होय म्हाराजा.”

“ट्रेलर घेवन घाट चढांदे...”

“होय म्हाराजा.”

“आणि जसो गेलो, तसो सुखरूप घराक परत येवंदे...”

...

तातोबा थांबले. मागे वळून न बघता त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

“सुखरूप घराक परत येवंदे...”

थाप मारणं केणींना जड नव्हतं. चार दिवस फिरून येतो, असं मुलीला फोनवर सहज सांगून ते निघाले होते. इथे मात्र ‘होय म्हाराजा’ म्हणवेना.

“परत कुणासाठी येऊ?” ते शेवटी म्हणाले. “गाडीचं राहू द्या. देवाला एवढंच विचारा. त्या तळ्यापाशी जाऊन तिथेच सगळं संपवू का? हो की नाही, ते सांगा आणि सोडवा मला.”

तातोबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. उपदेश केला नाही, रागावलेही नाहीत. देवळामागे जाऊन ते एक कोवळा फणस तोडून घेऊन आले. देठातून पांढरा चीक ठिबकत होता. दोन पाकळ्या त्यांनी त्या चिकात बुडवल्या आणि देवाच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबून बसवल्या.

“इचारलंय देवाक,” ते म्हणाले. “पाकळी पडल्याबगर उठाचा नाय.”

केणी बसले.

ऊन देवळाच्या भिंतीवरून पलीकडे गेलं. तातोबांनी पेज केली आणि एक वाडगा त्यांच्यापुढे आणून ठेवला. केणींनी कालपासून काही खाल्लं नव्हतं. पेज त्यांनी संपवली, आणि संपवताना त्यांना रडू कोसळलं. दिवाळीत सगळे नातेवाईक जमले होते, तेव्हा ते रडले नव्हते. तातोबा जवळच बसून राहिले.

पाकळ्या सुकल्या, त्यांच्या कडा काळ्या पडल्या. जागची एकही हलली नाही.

केणींनी डोळे पुसले आणि ते एकदम भडकले. फणस कापणारा माणूस आधी हाताला तेल चोपडतो, ते याच चिकाच्या भीतीने. चीक पाण्याने जात नाही, घासून निघत नाही.

“मला फसवता? चिकाने चिकटवल्यात तुम्ही! ह्या पाकळ्या माझ्या जन्मात पडायच्या नाहीत!”

तातोबांनी रिकामा वाडगा उचलला.

“मगे तितको येळ बस.”