येतो, जातो आणि या

“...मग ‘येतो’ म्हणतात ते खोटंच झालं की नाही, बाबा?”

मठाच्या ओट्यावर पाय पसरून गिरीबाबा गुडघ्याला करंजाचं तेल चोळत होते.

विश्वंभरनं पुन्हा तेच विचारलं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, ही त्याची जुनी खोड. पैठणच्या पाठशाळेतून तो वडझरीच्या मठात आला, तेव्हा बरोबर एक तांब्या आणि कधीही खोटं न बोलण्याचा नेम एवढंच घेऊन आला होता. तांब्या पुढं हरवला. नेम मात्र टिकला, आणि त्याचा जाच साऱ्या गावाला झाला. भिक्षेला गेला की भाकरी करपलीय, हे तो वाढणाऱ्या बाईला तोंडावर सांगे. नव्या नवरीला आशीर्वाद द्यायचा तरी आधी विचारात पडे. तो लांबून येताना दिसला की बाया पदरात हसू दाबत, आणि त्या दिवशी भाकरी जरा जपून भाजत.

ते हसण्याचे दिवस होते. तेव्हा वडझरीत पाणी होतं.

मठामागच्या वडाखाली झरा होता, त्यावरूनच गावाला नाव पडलेलं. झऱ्याच्या तोंडावर तळहात ठेवला तर पाणी हात वर उचलायचं. पोळ्याला सगळ्या गावाची बैलं तिथं धुतली जात, गढूळ लोट ओढ्यानं खाली जाई, आणि खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बाया वर बघून ठेवणीतल्या शिव्या देत. विश्वंभर तेव्हा कानावर हात ठेवी. आता त्याला त्या शिव्यांचीसुद्धा आठवण येई, आणि जीव कसनुसा होई.

पाऊस एका साली हुकला. पुढच्या साली पुन्हा हुकला. झरा आधी बारीक झाला, मग नुसती ओल राहिली, मग तीही गेली. मागच्या पोळ्याला लोकांनी बैलांच्या अंगावरून ओलं फडकं फिरवलं आणि पोळा झाला म्हटलं. देव पाण्यात ठेवावेत, तर तेवढंही पाणी गावात नव्हतं.

मग गाव निघालं. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी कॅनॉलच्या मुलखात. फाट्याकडची वाट मठावरूनच जाई. निघालेला माणूस मठाच्या दारात थांबे, उंबऱ्यावर डोकं टेकी आणि म्हणे, “येतो बाबा.”

“या,” बाबा म्हणत.

एवढंच. मग पाठी दिसेनाशा होईपर्यंत ते वाटेकडं बघत राहत.

विश्वंभरला हे सोसवेना. माणसं चाललीत याचं त्याला दुःख होतं, पण ते कुणाजवळ बोलावं हे कळत नव्हतं. म्हणून तो शब्दाशी भांडत होता.

“काल गेले त्यांनी जातं नेलं, बाबा. चार महिने पोट भरायला जाणारा माणूस घरातलं जातं उचलून नेत नाही. ते परत येणार नाहीत. त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मग सरळ ‘जातो’ का म्हणत नाहीत?”

“आपल्यात तसं म्हणत न्हाईत.”

“का पण?”

बाबांनी दुसऱ्या गुडघ्याला तेल घेतलं...

तेवढ्यात दारात सावली पडली. लिंबाजीतात्या उभा होता.

तात्याचं वावर झऱ्याला लागून. बायको मागंच वारली होती. गावात सगळ्यात शेवटपर्यंत चिकटून राहिलेला हाच. रोज संध्याकाळी आभाळाकडं बघायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, “आज वाटतंय बरं का.” लोक आधी हो म्हणत, नंतर नुसती मान हलवत, आणि आता हो म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. शेवटी पोरानं, उत्रेश्वरनं, त्याचं मन वळवलं होतं. कॅनॉलच्या मुलखात जाणारा ट्रक फाट्यावर उभा होता. सून, नातवंडं, बोचकी, सगळं त्यात चढलं होतं.

तात्यानं पटका काढून काखेत धरला, उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

“येतो बाबा.”

बाबांचं तोंड उघडण्याआधी विश्वंभर बोलला, “तात्या, जातं नेलंत ना?”

“नेलं की. उत्र्यानं सकाळीच टाकलं ट्रकात.”

“मग ‘जातो’ म्हणा. देवाच्या दारात तरी खरं बोलावं माणसानं.”

तात्याचे ओठ हलले.

“जा...”

पुढचं अक्षर आलं नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग तो खाली बसला, तिथंच, उंबऱ्यावर.

“खरं हाय महाराज तुमचं,” तो म्हणाला. “पर मला म्हनताच येईना. आन जे म्हनता येत न्हाई, ते करू कसं? मी ऱ्हातो हितंच.”

विश्वंभरला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. क्षणभरच.

फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळानं पुन्हा आला, जरा लांबवलेला. मग उत्रेश्वर धापा टाकत आला.

“तात्या, चला! ट्रकवाला थांबंना झालाय.”

“तू जा. मी ऱ्हातो.”

“ऱ्हातो? पेनार काय? गावात मानूस न्हाई म्हनून टँकर बी बंद केला त्यांनी!”

“पाऊस येईल की.”

“आन न्हाई आला तर?”

“आन आला तर?” तात्याचा आवाज चढला. “मी गेलो आन माझ्या मागं त्यो आला, तर त्याला वावरात ‘ये’ म्हनायला कोन हाय? मोकळ्या गावात कशाला येईल त्यो?”

उत्रेश्वर बापाच्या दंडाला धरून ओढू लागला, मग त्यानं दंड सोडला, मग डोळे पुसले.

“महाराज,” तो विश्वंभरला म्हणाला, “सकाळी हासत निघाले होते ओ. काय सांगितलं तुम्ही ह्यांला?”

“खरं सांगितलं,” विश्वंभर म्हणाला.

मठापुरतं पाणी तो लांबच्या खाणीतून कावडीनं आणत होता. ते गुरुशिष्यांनाच जेमतेम पुरे, आणि खाणीतही आता गाळ लागत होता. म्हातारा इथं राहिला तर पावसाच्या आधी जाईल, हे त्याला लख्ख दिसलं. त्या वाक्यात ‘जाईल’ हा शब्द अगदी खरा होता. आपल्याच नेमाची त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

“बाबा, तुम्ही सांगा ना ह्यांना! तुमचं ऐकतील.”

बाबांनी काठी ओढून घेतली. भिंतीला धरून उठले. गुडघे कुरकुरले ते विश्वंभरला ऐकू आले. तो हात द्यायला धावला, तर बाबांनी मानेनंच नको म्हटलं. एकेक पायरी उतरत ते अंगणात आले, दाराशी आले, आणि तात्याच्या बाजूनं अंग चोरून उंबऱ्यापलीकडं गेले.

विश्वंभर मठात आल्यापासून बाबांनी तो उंबरा ओलांडलेला त्यानं पाहिला नव्हता.

बाहेर फुफाटा तापला होता. बाबा अनवाणी होते. वाटेवर जाऊन ते वळले, काठी काखेत धरली, आणि इतके दिवस गाव त्यांच्यापुढं वाकत होतं तसे ते तात्यापुढं वाकले.

“येतो, लिंबाजी.”

“या बाबा, या,” तात्या म्हणाला.

जन्माची सवय. तोंडातून निघूनही गेलं, आणि मग तो दचकला.

“या म्हंजे... कुटं येता?”

“तू असशील तिथं.”

“कवा?”

“पाऊस कवा सांगून आला होता?”

तात्याच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडल्या, घरी पाहुणा यायचा म्हटल्यावर कुटुंबवाल्या माणसाच्या पडतात तशा.

“तिथं छप्पर बी न्हाई अजून,” तो स्वतःशीच म्हणाला. “चूल मांडाया पायजे. उत्र्या, बाबांला खाली बसवत न्हाई रं. बाज घेतली का आपन?”

“बाज? न्हाई, घरातच हाय. जागा नव्हती.”

“मंग बाबा बसतील कशावर? जा, घेऊन ये. पळ! मी थांबवतो त्या ट्रकवाल्याला.”

तो उठलासुद्धा. पटका डोक्याला कसाबसा गुंडाळत, धोतर सावरत, फाट्याच्या वाटेला लागला. घाईत ‘येतो’ म्हणायचं राहिलं आणि ‘जातो’ म्हणायचंही राहिलं. थोड्या वेळानं उत्रेश्वर डोक्यावर उलटी बाज घेऊन मठावरून पळत गेला. पळता पळता त्यानं बाबांकडं बघून हात जोडायचा प्रयत्न केला, तर बाज कलंडली. विश्वंभरला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. गावात असं हसू येऊन किती दिवस झाले होते!

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मग तोही गेला. वडझरी इतकी शांत झाली की वडाची वाळकी पानं पडलेली ऐकू येऊ लागली.

विश्वंभरनं बाबांना खांद्याचा आधार देऊन आत आणलं, ओट्यावर बसवलं. तळपाय पोळून लाल झाले होते. तो तेलाची वाटी घेऊन समोर बसला. एक पाय मांडीवर घेऊन तेल लावू लागला. पण खोड ती खोडच.

“बाबा...”

“हं.”

“तुमच्यानं या दारापर्यंत चालवत नाही. तुम्ही त्या मुलखात कधी जाणार? तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात.”

बाबांनी पाय त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला.

“माझं सोड, विश्वंभरा. रोज ‘या’ मी म्हणायचो; आज कोण म्हणालं?”