ठकूबाईने विझवलेला आवा

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. दोन राजांचं भांडण लागलं होतं आणि त्या भांडणाच्या ऐन मधोमध कुंभारांचं एक गाव होतं. गावाने ती जागा काही हौसेने निवडली नव्हती. गाव आधीपासून होतं, राजे मागाहून आले. नदीच्या अलीकडच्या टेकडीवर एकाने गड बांधला, पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्याने, आणि दोन्हीकडच्या तोफा गावाच्या डोक्यावरून एकमेकींकडे बघत बसल्या.

मडकी मात्र दोन्ही गडांवर याच गावची जात. राजे एकमेकांचं तोंड बघत नसले, तरी तहान दोघांच्याही शिपायांना लागायची.

मागच्या लढाईत गावावर गोळे पडले होते. घरं गेली, माणसंही गेली. तेव्हा गावातली जाणती मंडळी पाण्याने भरलेला घडा घेऊन दोन्ही गडांवर गेली आणि शब्द घेऊन आली. ज्या गावातून आव्याचा धूर निघतो आहे, त्या गावावर गोळा टाकायचा नाही, असा तो शब्द. आवा म्हणजे मडकी भाजायची कुंभारांची भट्टी. तेव्हापासून लढाई सुरू झाली की गाव आवा विझू देत नसे. भाजायला मडकी असोत की नसोत, घरोघर आळीपाळीने गोवऱ्या आणि तूस घालून धूर चालू ठेवायचा. सरपणाची नासाडी व्हायची, पण कुणी कुरकुर करत नसे. त्या धुराखाली मुलं निर्धास्त खेळायची.

त्या वर्षी पुन्हा लढाई पेटली, तेव्हा आवा पेटता ठेवायची पाळी ठकूबाईची होती. ठकूबाई तोंडाची फटकळ होती. वेडंवाकडं मडकं दिसलं तर करणाऱ्याला चारचौघांत सुनवायची. पण सध्या तिचं बोलणं कमी झालं होतं. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरले होते. जावई अलीकडच्या राजाच्या फौजेत शिपाई. तो नदीकाठी उघड्या रानात तळ देऊन होता, पलीकडच्या तोफांच्या अगदी टप्प्यात.

गावात एक रीत होती. बाळाच्या पहिल्या अंघोळीचं पाणी आजीने स्वतः घडवलेल्या नव्या मडक्यात तापवायचं. ठकूबाईने ते मडकं मोठ्या मायेने केलं होतं. त्याच्या गळ्याभोवती तिने बोटाने वेल काढला होता आणि आज ते इतर मडक्यांबरोबर आव्यात भाजत होतं.

सकाळची उन्हं वर आली आणि गावात एक सरदार घोड्यावरून आला. अलीकडचाच, म्हणजे आपलाच. त्याच्यामागे बैल एक मोठी तोफ ओढत होते.

"बाई, ही तोफ तुमच्या पाचटाच्या गंजीमागे ठेवायची आहे," सरदार म्हणाला.

ठकूबाईने हातातली गोवरी खाली ठेवली. "हितं? हितं तर कुणी गोळा टाकत न्हाई, सरकार."

"म्हणून तर इथे. तुमच्या धुराकडे बघून ते तोफा थंड ठेवतात. आम्ही इथून मारा केला, की आज संध्याकाळपर्यंत पलीकडचा गड आपला."

"आन् त्यांनी हिकडं मारा केला तर?"

"ते शब्दाला बांधलेले आहेत."

"शब्द मडकी भाजणाऱ्यांसाठी हाय. तोफंसाठी न्हाई."

सरदार हसला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुमचा जावई माझ्याच तुकडीत आहे. उघड्यावर बसलाय बिचारा. ही तोफ इथून बोलली, तर तो वाचेल. लेकीचा विचार करा."

खरं सांगायचं तर ठकूबाईला वाटलं, ठेवू द्यावी तोफ गंजीमागे आणि डोळे मिटून घ्यावेत. आपलेच लोक आहेत, आपलाच जावई आहे. आत झोपडीत लेक कळांनी कण्हत होती. समोरच्या अंगणात शेजाऱ्यांची पोरं गोट्या खेळत होती.

ती हात जोडून म्हणाली, "सरकार, जावई माझा हाय, पर ही पोरं काय कमी माझी हायत? आमच्या धुराला आजवर कुणी भ्यालं न्हाई, म्हणून आमी जगलो. त्याच्याआड तुमची तोफ बसली, की उद्यापास्नं आमचा धूर दिसला तरी त्यांस्नी तोफच दिसंल. आज तुमी जिंकाल. त्यानंतर ह्या गावाला वाली कोण?"

"फार बोलतेस," सरदार म्हणाला. त्याने शिपायांना खूण केली. बैल गंजीकडे वळले.

ठकूबाईने आळीत हाक दिली. पोरांना, म्हाताऱ्यांना ओढ्याच्या घळीत न्यायला सांगितलं. काय करणार आहे तेही सांगितलं. कुंभाराने पेटता आवा विझवायचा, हे गावात कधी कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी शेजारीण म्हणाली, "ईझव, ठकू. पर तुझी लेक?"

"तिला हलवता यायचं न्हाई. मी हाय तिच्यासंगं." ते ऐकून शेजारीणही घळीकडे न जाता झोपडीत लेकीजवळ जाऊन बसली.

घळीकडे गाव रिकामं झालं तशी ठकूबाईने रांजणाचं पाणी उपसून आव्यावर ओतायला सुरुवात केली. पांढऱ्या वाफेचा लोट उठला. आतली तापलेली मडकी तडातड फुटू लागली. एकेक आवाज तिच्या काळजात जात होता, कारण त्यातला एक वेल काढलेल्या मडक्याचा होता. पण ती थांबली नाही. थोड्या वेळाने वाफही विरली आणि गावावरचं आकाश मोकळं झालं.

सरदार धावत आला. "हे काय केलंस, बाई?"

"माझा धूर मी काढून घेतला," ठकूबाई म्हणाली. "आता ही जागा बी उघड्या रानासारखीच हाय. ऱ्हायचं तर ऱ्हावा."

सरदाराने पलीकडच्या गडाकडे पाहिलं. तिथल्या तोफा स्पष्ट दिसत होत्या आणि त्याच्या तोफेपुढे आता आडोसा म्हणून पाचटाच्या काड्या तेवढ्या होत्या. त्याला राग आला, पण रागापेक्षा घाई मोठी होती. त्याने बैल उलटे फिरवले. धुरळा उडवत तोफ गावाबाहेर गेली.

तिकडे पलीकडच्या गडावर बुरुजावरचा गोलंदाज ओरडला, "गडकरी, धूर थांबला! शब्द सुटला! तोफांना बत्ती देऊ का?"

गडकरी म्हणजे त्या गडाचा मुख्य. वयस्क, सावकाश बोलणारा माणूस. मागच्या लढाईत याच गावावर गोळे टाकायचा हुकूम त्याने दिला होता, आणि नंतर घडा घेऊन आलेल्या माणसांच्या डोळ्यांत त्याला बघवलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "आवा आपोआप असा विझत नाही. पांढरी वाफ पाहिलीस ना? कुणीतरी पाणी ओतलंय. भरला आवा कुंभार उगाच विझवेल का? आधी विचारू."

"आणि तेवढ्यात त्यांनी मारा केला तर?"

"तर आपण गडावर आहोत, भिंतीआड. गावकरी मातीच्या झोपड्यांत आहेत."

पांढरं निशाण घेऊन एक स्वार नदी उतरून आला. ओला आवा, फुटक्या मडक्यांचा ढीग आणि तोफेच्या चाकांचे चर त्याने पाहिले. ठकूबाईने काही लपवलं नाही. "तोफ आली हुती. गेली. आमी न्हाई बोलावली. आता पुन्ना आवा लावते." त्याच वेळी झोपडीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. ठकूबाई सगळं सोडून आत पळाली. मुलगी झाली होती.

ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. स्वार अजून उभाच होता. "का रडताय?" त्याने विचारलं.

"नातीच्या अंघुळीचं मडकं ह्यात हुतं," ती फुटक्या ढिगाकडे बोट दाखवत म्हणाली. "मीच फोडलं."

स्वार निघून गेला. गाव घळीतून परत आलं, ओली राख उपसली गेली, नवा धूर आकाशात चढला. गडावरून एकही गोळा आला नाही. आडोशावाचून सरदाराचा बेत फसला. दोन्ही फौजा नदीकाठी एकमेकींकडे बघत बसून कंटाळल्या आणि शेवटी राजांना बोलणी करावी लागली. ठकूबाईचा जावई उन्हाने काळवंडून, पण धडधाकट घरी आला.

पण ते पुढचं. त्या दिवशी उन्हं कलताना स्वार पुन्हा आला. त्याच्या हातात एक मडकं होतं, वापरून वापरून काळं झालेलं. गळ्याभोवती बोटाने काढलेला वेल अजून दिसत होता.

"गडकऱ्यांच्या पाण्याचं आहे," तो म्हणाला. "तुमच्याच हातचं. नवं नाही, पण त्यांनी विचारलंय, चालेल का?"

ठकूबाईने ते घासूनपुसून लख्ख केलं, चुलीवर चढवलं आणि शत्रूच्या गडावरून आलेल्या मडक्यातल्या कोमट पाण्याने नातीला न्हाऊ घातलं.

मुलांनो, या गोष्टीतून गाठीशी बांधायचं तात्पर्य: निःशस्त्र माणसांच्या आड जो शस्त्र लपवतो, तो त्यांचं छप्परच काढून घेतो, मग तो आपला का असेना, आणि हातात बत्ती असताना जो आधी विचारतो, तोच खरा शूर, मग तो परका का असेना.