सगुणाची न हलणारी पेटी

रायाजीराजांच्या खजिन्यात पुन्हा चोरी झाली! पहिली पेटी लाकडी होती, ती चोरांनी फोडली. म्हणून सटवाजी लोहाराकडून चार कुलपांची लोखंडी करून घेतली. चोर शहाणे! कुलपांना हातही न लावता त्यांनी अख्खी पेटीच उचलून नेली. राणीसाहेबांचे दागिने गेले, गावांच्या सनदाही गेल्या. राजांनी सगळा राग सटवाजीवर काढला आणि त्याला कोठडीत टाकलं.

त्याची मुलगी सगुणा भात्यावरून उठली, ती थेट दरबारात!

"महाराज, पेटीला दोन्ही बाजूंनी कड्या लावायला कुणी सांगितलं हुतं?"

"आम्हीच! त्याशिवाय उचलणार कशी?"

"मग चोरांनी तरी दुसरं काय केलं? माझ्या बाचा काय दोष?"

कुणीतरी खुसखुसलं. राजे आणखीच चिडले. "जीभ फार चालते गं तुझी! मग तूच कर पेटी. कुणालाही हलवता येणार नाही अशी! सामान, माणसं कारभारी देतील. पंधराव्या दिवशी ती इथे आणून ठेव. नाहीतर तुझा बाप जन्मभर कोठडीत!"

बाहेर कारभारी हळहळले. "पोरी, हलणार नाही ती पेटी दरबारात आणशील कशी?"

"बघू की! आधी गवंडी द्या."

पंधराव्या दिवशी सगुणा आली, ती हात हलवत.

"पेटी कुठाय?" राजे गरजले.

"खजिन्यात हाय. पैलवान धाडा, आणतील."

चार पैलवान गेले. तासाभराने घाम पुसत, रिकाम्या हातांनी परतले. एकाची तर कंबरच धरली होती. मग राजे स्वतः उठले. बघतात तो काय, जाडजूड दगडी भिंतीत एक लहानसं लोखंडी दार! आत धान्याच्या पेवासारखं तोंड लहान, पोट मोठं. आधी पेटी ठेवून मग तिच्याभोवती भिंत रचलेली, त्यामुळे ती त्या दारातून निघेच ना.

"ते ठीक! पण आम्ही दरबारात आणायला सांगितली होती!"

"महाराज, जी तुमच्या दरबारात येईल, ती चोराच्या घरीबी जाईल की!"

राजे असे हसले, की पगडी कानावर आली! सटवाजी तिथल्या तिथे सुटला. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. ती मात्र जागची हलेना.

"आता काय गं?"

"आमच्या घराला कुडाच्या भिंती, महाराज. हे ठिवू कुठं?"

राजांना पुन्हा हसू फुटलं. "कारभारी, गवंड्यांना सोडू नका! सटवाजीला चिरेबंदी घर बांधून द्या. आणि हो, पेटी भिंतीच्या आधी!"