हिरवीची बैठक

त्या राज्यात उजेड नव्हता, त्यामुळे कोणाचा रंग कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं. राज्य म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोटातली एक पोकळी. तिथले स्फटिक एकमेकांना बुटका, चपटी, निमुळती अशा आकाराच्या नावांनी हाका मारत. निमुळती वाढली ती बैठ्या मावशीच्या खांद्यावर. मावशीचा गोतावळा मोठा, अंगभर सुयांएवढी भाचरं. कोणाचं मूळ कोणात रुतलंय, हे कोणी विचारत नसे.

मग डोंगर फोडायला माणसं आली. सुरुंगानं छताला चीर पडली, उजेड आत शिरला आणि सगळा घोळ झाला. मावशी आणि तिची पिलावळ निघाली पांढरीफटक. निमुळती निघाली हिरवीगार. दुपार कलायच्या आत तिचं नाव हिरवी पडलं. तिनंच पाडून घेतलं म्हणा ना.

चिरेतून एक पाल ये-जा करू लागली. बातम्या तिच्याच. खाली एक यंत्र आहे, डोंगर त्यात जातो आणि खडी होऊन बाहेर पडतो. सुटका एकच: एक शौकीन गृहस्थ अधूनमधून येतात आणि मनात भरेल तो स्फटिक उचलून नेतात. पाल त्यांच्याच घरात, कपाटाच्या पायथ्याशी राहून आलेली. काचेआड लाल, निळी, जांभळी टोकं तिनं स्वतः पाहिली होती, एकेकटी, ऐटदार. पांढरं म्हणून काही दिसलं नव्हतं. खालून मान वर केली की नुसती टोकंच दिसतात, बुडाशी काय आहे ते दिसत नाही, हे काही पालीच्या ध्यानात आलं नाही, आणि हिरवीला विचारायची गरज वाटली नाही.

झालं, हिरवीच्या डोक्यात वारं शिरलं. हे पांढरं लटांबर चिकटलेलं असताना आपल्याला कोण उचलणार? दर सुरुंगाला ती अंग आखडून घेई, म्हणजे मूळ सैल व्हावं. भाचरं टेकली की झटकून टाकी. दोन तर त्यात मोडलीच. शेवटी तिनं मावशीला तोंडावर सुनावलं की तुझ्यापायी माझं वाटोळं होणार आहे. जिवाची भीती तिला होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त भीती होती मावशीबरोबर दिसायची.

मावशीला ते फार लागलं.

"सोडते," ती म्हणाली, "पण पडताना टोक सांभाळ गं."

पुढच्या सुरुंगाला हिरवी सुटली आणि खालच्या मातीत पडली. टोक शाबूत राहिलं.

शौकीन आले, विजेरी घेऊन आत डोकावले. आधी त्यांनी मावशीच्या खांद्यावरचा ताजा खळगा बोटानं चाचपला, मग खाली पडलेली हिरवी उचलून पाहिली आणि हळहळले.

"अरेरे, दोघं एकत्र असते तर अख्खा घोस नेला असता. सुट्याला कोण विचारतो? आणि या खळगा पडलेल्याला तरी?"

नेलंच पाहिजे असं काही नव्हतं, पण हात रिकामा कशाला न्या, म्हणून त्यांनी हिरवीला खिशात टाकलं. मावशी आणि भाचरं तिथंच राहिली. संध्याकाळी तो कडा यंत्रात गेला आणि त्याची रस्त्याला लागते तेवढी खडी झाली.

घरी आल्यावर शौकिनांची पंचाईत झाली. हिरवी कशीही ठेवली तरी आडवी होई. तेव्हा त्यांनी अडगळीतून भलत्याच डोंगरातला एक पांढरा गड्डा शोधून काढला, छिन्नीनं त्याला भोक पाडलं, आत सरस ओतला आणि हिरवीला दाबून बसवलं. सुकेपर्यंत वरून दोरी बांधली.

हल्ली ती मधल्या फळीवर असते. पाहुणे काचेला नाक लावून बघतात. शौकीन त्यांना सांगतात की रंग काय, पुष्कळांना असतो. हिचं खरं मोल या पांढऱ्यामुळे, दोघं जन्मापासून एकत्र वाढलेली आहेत. पाहुणे माना डोलावतात आणि नीट बघायला वाकतात. तेव्हा सरस दिसू नये म्हणून हिरवी त्या अनोळखी पांढऱ्याला आणखी घट्ट बिलगते.