पहारेकऱ्याचा विसावा

सागवानाच्या एका जंगलात, उतारावरच्या पाणवठ्यापाशी, चितळांचा एक कळप राहत असे. उन्हाळ्यात हा कळप दिवसभर पाण्याजवळच चरे, आणि त्या वेळी एका चितळाने पहारा करावा असा त्यांचा नेम होता. काठावर एक उंच खडक होता. त्याची सावली एका पळसापासून दुसऱ्या पळसापर्यंत सरकली की पहारेकरी बदलायचा. पहारेकरी थकलेला असो वा नसो, त्याने पाळी सोडून चरायला जायचे. या नेमाला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

त्या वर्षी एका तरुण चितळाला प्रथमच पाळी मिळाली. तो मान ताठ करून, चारही पाय आवळून उभा राहिला. सावली दुसऱ्या पळसाला लागली, तरी तो हलेना. त्याची जागा घ्यायला आलेल्या चितळाला त्याने परत पाठवले. झाडावरून एक वानर हे पाहत होते. ते म्हणाले, "काय रे, खुरांना मुळे फुटली की काय?"

"विसावा आळशांना लागतो," चितळ म्हणाला. "माझे हृदय जन्मल्यापासून एकदाही विसावले नाही. मग पायांनी का विसावावे?"

कळपातली सर्वांत वृद्ध हरिणी जवळच होती. तिने विचारले, "बाळ, हृदय विसावत नाही, हे तुला कोणी सांगितले?"

"सांगायला कशाला हवे, आजी? छातीत ऐकू येते की."

"नीट ऐकलेस?"

"तुझे पाय दुखतात, म्हणून तुला विसावा आठवतो," तो म्हणाला. हरिणी सावलीत गेली आणि पाय पसरून स्वस्थ बसली.

दुपार कलली. वाळलेल्या गवतातून रानकुत्र्यांची टोळी पुढे सरकताना चितळाला दिसली. त्याने तत्काळ इशारा दिला आणि कळप उधळला. त्यानेही झेप घेण्यासाठी अंग आवळले. परंतु पाय उचललाच जाईना. मांड्यांमध्ये पेटके आले होते. तो जितक्या जोराने पाय ओढी, तितके स्नायू दगडासारखे घट्ट होत. रानकुत्री पाणवठ्याच्या पलीकडच्या काठाला पोहोचली होती.

तेवढ्यात वृद्ध हरिणी मागे वळली. "ओढू नकोस," ती त्याच्याजवळून जाताना म्हणाली. "आडवा हो. पाय लांब कर आणि सैल सोड." एवढे बोलून ती लंगडत लंगडत रानकुत्र्यांच्या समोरून निघाली. सोपी शिकार दिसताच सारी टोळी तिच्या मागे लागली. घळीच्या कडेशी येईपर्यंत ती लंगडली. तेथे मात्र तिचे लंगडणे संपले. एका झेपेत तिने घळ ओलांडली. रानकुत्री अलीकडेच राहिली, काही वेळ घुटमळली आणि निघून गेली.

इकडे चितळ काठावरच्या उंच लव्हाळ्यांत आडवा झाला होता. आपल्यासाठी कोण धावते आहे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून स्वस्थ पडून राहणे त्याला पळण्याहून कठीण गेले. परंतु हळूहळू गाठी सुटल्या. हरिणी लांबच्या वाटेने परतली, तेव्हा तो उभा होता आणि मान खाली घालून होता.

"माझ्या छातीला कान लाव," ती म्हणाली. "काय ऐकू येते?"

"ठोका."

"आणि त्यानंतर?"

चितळाने पुन्हा ऐकले. "त्यानंतर काहीच नाही. मग पुढचा ठोका."

"त्या 'काहीच नाही'त हृदय सैल होते आणि रक्ताने भरते. ते भरलेच नाही, तर पुढच्या ठोक्याला ते काय ढकलील? आतड्यांचेही तसेच. गवताच्या मागचा भाग आकसतो, पुढचा सैल होतो, तेव्हा गवत पुढे सरकते. आणि पाय? मांडीचा एक स्नायू आखडतो, तेव्हा त्याच्या समोरच्याने सैल व्हावे लागते. तरच पाय हलतो. तू दोन्ही आवळून धरलेस. तुझ्या पायांचे खांब झाले."

"मग हृदय आणि आतडी कधीच का अडत नाहीत?"

"ती तुला विचारत नाहीत, बाळ. आपला विसावा ती आपणच घेतात. पाय मात्र तुझ्या आज्ञेत आहेत. चाल म्हटलेस तर चालतात, आणि थांब म्हणायला विसरलास तर बिचारे ताटकळत राहतात."

दुसऱ्या दिवशी तरुण चितळाची पाळी पुन्हा आली. या वेळी तो आळीपाळीने एकेक पाय सैल सोडून उभा राहिला. खडकाची सावली दुसऱ्या पळसाला लागताच, कोणी बोलावण्यापूर्वी, तो बाजूला झाला.

"थकलास वाटते," वानराने झाडावरून विचारले.

"नाही," चितळ चरायला निघताना म्हणाला. "म्हणूनच आता जातो आहे."

तात्पर्य : जे आपल्या आज्ञेत आहेत, त्यांना काम सांगण्याइतकेच वेळेवर विसावा देणे हेही आपलेच कर्तव्य होय, कारण सैल होणे हा श्रमाचा शेवट नसून श्रमाचाच अर्धा भाग आहे.