म्हशीची दोरी

मृदुलाबाईंनी गळाच्या रिळावर फ्लुरोकार्बनची बारीक, पारदर्शक दोरी चढवली, तसे फिशिंग क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब तलावाकाठी गरजले, "बाई, ही दोरी की डोक्यावरचा केस? माझी बघा, म्हैस बांधली तरी तुटायची नाही! तुमची तुटली, तर उद्यापासून क्लबात येऊ नका."

बाईंनी दोरी बदलली नाही. पाण्यात न दिसणाऱ्या त्या दोरीमुळे मोठा मासा फसला आणि गळाला लागला. तो ओढी तेव्हा त्या सैल सोडत, दमला की गुंडाळत. अखेर मासा काठावर आला. बापूसाहेबांच्या गळाला नुसतं शेवाळ होतं.

"नशीब तुमचं!" ते फणकारले.

"असेल हो. म्हैस धरायची झाली, तर तुमचीच दोरी मागेन."

हशा पिकला. बापूसाहेबांनी आपली दोरी कापली आणि रिकामं रीळ बाईंपुढे धरलं, "चढवा यावर तुमचा तो केस."