परातीतलं पिवळं पाणी

“आन् ती चौघं?” हिरागीर बाबांनी विचारलं.

विश्राम खलात झाडाची साल कुटत होता. त्याचा हात थांबला.

“कुठली चौघं, बाबा?”

“शंभरातली शहाण्णव बरी झाली म्हणालास. चार उरली.”

“ती उशिरा आली हुती.”

“उशिरा आली हे कशावरनं?”

“गेली की ती.”

“आन् बरी झाली ती?”

“ती येळेवर आली हुती.”

बाबा गप्प बसले. विश्रामला वाटलं, उत्तर पटलं. तो पुन्हा कुटायला लागला.

गिरवाडीचा हा मठ कावीळ उतरवण्यासाठी प्रसिद्ध. आजाऱ्यानं सकाळी अनशापोटी यायचं, परातीवर हात धरायचे. मठातला माणूस त्याच्या हातांना कोपरापर्यंत सालीचा रस चोळतो आणि वरून चुन्याची निवळी ओततो. परातीत पिवळंजर्द पाणी पडतं. अशा सात सकाळी. अंगातली कावीळ बाहेर पडताना लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघतात, मग शंका कोण घेणार?

बाबांनी तीस वर्षं आजाऱ्यांचे हात धुतले. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी ‘माझे हात थरथरतात’ म्हणाले आणि खल शिष्याच्या, विश्रामच्या हाती दिला. विश्राम बारावीपर्यंत सायन्स शिकलेला. यकृत कुठं असतं, पित्त कसं तयार होतं, सगळं घडाघडा सांगायचा. नुसती भोळी श्रद्धा असती तर एखाद्या धक्क्यानं हलली असती. याच्या श्रद्धेला चित्रं काढून दाखवता येत होती.

त्या गुरुवारी ओसरीत खांबाला टेकून अनसूया झोपली होती. सातवा महिना, डोळे हळदीसारखे. शेजारी तिचा नवरा सर्जेराव गुडघ्यांत मान घालून बसला होता.

सोमवारी ही दोघं जीपनं तालुक्याच्या दवाखान्याला निघाली होती. वाटेत मठ लागला म्हणून पाया पडायला उतरली. विश्राम म्हणाला, “आधी सात सकाळी पुऱ्या करा. मधीच सुया टोचल्या तर कावीळ आत दबती.” जीप रिकामी परत गेली.

“आज चौथी सकाळ,” विश्राम म्हणाला. “उतार पडाय लागलाय. कशी गाढ झोपलीय बघा.”

“सकाळी नवऱ्याला दादा म्हणाली.”

“झोपंत हुती.”

“डोळं उघडं हुतं तिचं.”

विश्राम जरा वैतागला. “बाबा, तुमीच शिकवलंय मला. काल परातीत पाणी किती पिवळं पडलं, सर्जेरावानं सोता बघितलं. पाणी खोटं बोलतंय व्हय?”

बाबा उठले. रसाची वाटी उचलली, निवळीचा तांब्या घेतला आणि गाभाऱ्याकडं चालू लागले. तिथं मठाच्या मूळपुरुषाच्या दगडी पादुका आहेत. रोज दुधानं न्हाऊ घालतात, सणाला चंदन लावतात.

“परात आण.”

विश्रामनं परात आणून खाली धरली. बाबांनी पादुकांना रस चोळला, सावकाश, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मग तांब्या कलता केला.

पाणी पिवळं पडलं. काल अनसूयाच्या हातांखाली पडलं होतं तसंच, तेवढंच.

विश्राम परातीकडं बघत राहिला...

“अडीचशे वर्सं झाली समाधी घिऊन,” बाबा म्हणाले. “आजून उतरली न्हाई म्हणायची कावीळ.”

“बाबा...”

“पाणी खोटं बोलत न्हाई. रस आन् चुना एकत्र आला की पिवळं व्हतं, तेवढंच ते सांगतंय. बाकीचं आपण बोलतोय.”

“मंग शहाण्णव माणसं?”

“ओढ्यापल्याडच्या वस्तीला आपण मठाची पायरी चढू देत न्हाई. तिथं कावीळ व्हत न्हाई का? मी सात वर्सं इचारत आलोय. आपल्याकडं जेवढी वाचत्यात तेवढीच तिथं वाचत्यात. मरत्यातबी तेवढीच.”

विश्राम झटक्यात बाबांकडं वळला. परातीतलं पाणी डुचमळलं.

“सात वर्सं? तुमाला सात वर्सं ठाव हाय?”

“गोदा गेली तवापासनं.”

गोदा ही बाबांची धाकटी बहीण. तिच्याबद्दल मठात कुणी बोलत नसे.

“तिचं हात मीच धुतलं,” बाबा म्हणाले. “पाचव्या सकाळी ती मला आप्पा म्हणाली. आप्पा, म्हंजे आमचा बाप, जाऊन वीस वर्सं झालेली. मंग झोपली. मला वाटलं, उतार पडला.”

“ती... उशिरा आली आसंल.”

जुन्या सवयीनं निघालेलं वाक्य. ते बोलून झाल्यावर विश्रामला स्वतःचीच लाज वाटली.

“ती ह्याच मठात राहत हुती,” बाबा म्हणाले. “चुलीम्होरं.”

ओसरीतून अनसूयाचा जड श्वास ऐकू येत होता.

“तरीबी तुमी आनखी चार वर्सं लोकांचं हात धुतलं. मंग मला खल दिला.”

“व्हय.”

“का?”

“भ्यालो.”

विश्रामला बाबांचा संताप आला, एवढा की परात त्यांच्या पायांवर आपटावीशी वाटली. पण शंभर माणसांचे हात त्यानं स्वतः धुतले होते आणि त्या चौघांची नावं त्याला पाठ होती. त्यानं परात खाली ठेवली, धावत चावडीपर्यंत गेला आणि जीप घेऊन आला.

अनसूयाला उचलून मागच्या सीटवर निजवलं. तिनं डोळे अर्धवट उघडले, विश्रामकडं पाहिलं आणि विचारलं, “दादा, गाव आलं का?”

विश्रामनं जीपचं दार हळूच लावलं.

बाबा सर्जेरावापाशी गेले. “आमी केलं त्याचा काय उपेग न्हाई. हिच्या काविळीचं काय एक आमच्या हातात न्हाई. दवाखान्यात सांग, सोमवारपासनं मठात ठेवली हुती. लपवू नगं.”

सर्जेरावानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला कळलं की नाही, देव जाणे. तो सवयीनं पाया पडायला वाकला.

बाबांनी पाय मागं घेतले.

जीप गेली. ओसरीत अनसूयाची शाल राहिली होती. विश्रामनं ती उचलली, घडी घातली, पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

दुपारी परातीतलं पाणी तसंच होतं. तळाशी चुना बसला होता आणि वर पिवळं स्वच्छ पाणी होतं. विश्राम त्याच्याजवळ बसून होता.

“बाबा, ती वाचंल का?”

“ठाव न्हाई.”

“पोटातलं?”

“ठाव न्हाई.”

“मंग आपल्याला ठाव तरी काय हाय?”

बाबा खाली उतरणाऱ्या रस्त्याकडं बघत होते...

“एवढंच. सोमवारी ती दवाखान्याला निघाली हुती.”